पोलिस, फायर, ॲम्ब्युलन्स आणि एकच स्क्रीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११२ म्हणजे इमर्जन्सीसाठीचा एकच नंबर, आणि त्यामागे पोलिस, फायर, ॲम्ब्युलन्सच्या गाड्यांना मोबाईल डेटावर एकच माहिती दाखवणारी सामायिक सिस्टिम. याबद्दल कुठेही दोन ओळी लिहिल्या की इनबॉक्समध्ये तेच तेच प्रश्न येऊन पडतात, त्यामुळे एकदाचे सगळे गोळा करून इथे ठेवलेत. सुरुवातीला अगदी बेसिक आहेत, पुढेपुढे किचकट होत जातात. क्रमाने वाचायची गरज नाही, जिथे एकाचं उत्तर दुसऱ्यात आहे तिथे नंबर दिलाय.

१. सगळ्यांकडे वॉकी-टॉकी असतो ना, मग हे मोबाईल डेटाचं वेगळं काय काढलंय?

वॉकी-टॉकीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. दसऱ्याच्या मिरवणुकीत किंवा मोठ्या आगीत पंचवीस जणांना एकदम बोलायचं असतं आणि चॅनल एकच, मग जो आधी बटण दाबेल त्याचं राज्य. त्यात गाडीचा नंबर, पत्ता, हरवलेल्या पोराचं वर्णन हे सगळं कंट्रोलने वाचून दाखवायचं आणि समोरच्याने चालत्या गाडीत तळहातावर लिहून घ्यायचं, आठ ऐकलं का साठ ऐकलं याची गॅरंटी नाही. डेटा सिस्टिममध्ये हेच सगळं लिखित येतं, नकाशासकट आणि फोटोसकट येतं, हवं तितक्यांदा परत बघता येतं, आणि मुख्य म्हणजे चॅनल बोलण्यासाठी मोकळा राहतो.

"सामायिक" हा भाग याच्याही पुढचा आहे. पोलिसांची सिस्टिम पोलिसांपुरती, फायरची फायरपुरती, असं असेल तर प्रत्येकाकडे टॅब असूनही एकाच अपघाताबद्दल तिघांकडे तीन वेगळ्या गोष्टी असतात. एकच घटना तिघांना एकाच वेळी दिसावी, हा खरा उद्देश. आणि माझं मत विचाराल तर यातला नेटवर्कचा भाग सोपा आहे, पैसे टाकले की होतो. कोणी कोणाला काय दाखवायचं हे ठरवण्यातच वर्षं जातात. खालची निम्मी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

२. पोलिसांच्या गाडीत तो टॅब असतो त्यावर दिसतं तरी काय?

त्याला एमडीटी म्हणतात, मोबाईल डेटा टर्मिनल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो मजबूत कव्हरमधला टॅबच असतो, डॅशबोर्डवर स्टँडला बसवलेला आणि चार्जरला जोडलेला. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी आख्खा लॅपटॉप असतो, दोन सीटच्या मधे. स्क्रीनवर साधारण इव्हेंटचा (म्हणजे नोंदवलेल्या घटनेचा) नंबर, फोन आल्याची वेळ, फोन करणाऱ्याचा नंबर, प्रकार (भांडण, अपघात, आग वगैरे), नकाशावर एक टिंब, आणि फोन घेणाऱ्याने टाईप केलेल्या दोन-चार ओळी. आणि मग बटणं: मिळालं, निघालो, पोचलो, काम संपलं. शेवटी काय कारवाई केली ते भरायचं, त्याला सगळे एटीआर म्हणतात.

लोकांना वाटतं नकाशा महत्त्वाचा, पण खरी जान त्या चार बटणांत आहे. "निघालो" दाबल्याची वेळ सर्व्हरवर नोंदली जाते, त्यामुळे गाडी कधी निघाली यावर नंतर वाद घालता येत नाही (आणि म्हणूनच पहिले काही महिने ही बटणं कुणालाच आवडत नाहीत). गाडी जागेवर पोचायच्या आधीच "पोचलो" दाबायची सवय लागली तर मात्र सगळे आकडे बोगस होतात. जीपीएस सोबत जुळवून बघितलं की ते लगेच कळतं, पण बघणारा पाहिजे.

अजून एक, हे ड्रायव्हरने वाचायचं नसतं. शेजारच्याने वाचायचं. एकटाच असेल तर गाडी उभी करून.

३. मी ११२ लावला की माझ्या फोनपासून त्या टॅबपर्यंत नेमकं काय काय होतं?

महाराष्ट्रात फोन तुमच्या पोलिस ठाण्यात जात नाही, तो राज्याच्या कॉल सेंटरला जातो, नवी मुंबई किंवा नागपूर. तिथला माणूस माहिती टाईप करतो, ती तुमच्या जिल्ह्याच्या कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर उमटते, तिथला डिस्पॅचर जवळची मोकळी गाडी कुठली ते नकाशावर बघून तिला इव्हेंट पाठवतो. म्हणूनच "अहो त्यांना आमचं गावच माहीत नव्हतं" ही तक्रार इतक्या वेळा येते. बरोबरच आहे, समोरचा दोनशे किलोमीटरवर बसलेला असतो. त्याला गाव माहीत असणं अपेक्षितच नाही, त्याने जिल्हा आणि तालुका नीट पकडणं अपेक्षित आहे, बाकीचं जिल्ह्याचा डिस्पॅचर सांभाळतो.

ही राष्ट्रीय योजना निर्भया फंडातून उभी राहिली, सॉफ्टवेअरचं मुख्य काम सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राकडे होतं, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात पहिल्यांदा सुरू झाली. महाराष्ट्र नंतर आला.

फोन सोडून इतर मार्गही आहेत. "११२ इंडिया" नावाचं ॲप आहे. स्मार्टफोनचं पॉवर बटण पटापट तीनदा दाबलं की पॅनिक कॉल जातो, साध्या बटणाच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. हे बटण १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनना कंपल्सरी केलं होतं आणि २०१८ च्या सुरुवातीपासून जीपीएस पण. तरी तुमच्या फोनमध्ये इमर्जन्सीच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघून ठेवा, प्रत्येक कंपनीने ते वेगळ्याच ठिकाणी लपवलेलं असतं.

४. लोकेशन तर त्यांना आपोआप कळतं ना? मग पत्ता का विचारत बसतात?

कारण साध्या कॉलमध्ये जे लोकेशन जातं ते बऱ्याचदा टॉवरवरून काढलेलं असतं. शहरात टॉवर जवळजवळ असतात म्हणून काहीशे मीटरपर्यंत अंदाज येतो, गावाकडे तोच अंदाज काही किलोमीटरचा होतो. ॲपमधून गेलं तर जीपीएसचं लोकेशन जातं, ते खूप बरं. पण जीपीएसला मजला कळत नाही, चौदाव्या मजल्यावरच्या माणसाला तो नकाशावर बिल्डिंगच्या टिंबातच दाखवणार.

मग सांगायचं कसं? आधी जिल्हा आणि तालुका, मग गाव, मग खूण. "मारुतीच्या देवळाजवळ" एवढंच सांगू नका, मारुतीचं देऊळ प्रत्येक गावात आहे आणि कधीकधी दोन आहेत. एक्सप्रेसवे किंवा हायवेवर असाल तर कडेला किलोमीटरचा आकडा लिहिलेला दगड किंवा पाटी असते तो आकडा सांगा, आणि कुठल्या बाजूला चाललाय ते सांगा (मुंबईकडे का पुण्याकडे). दिशा चुकली तर गाडीला पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं, त्यात हकनाक वेळ जातो. विजेच्या खांबावर रंगवलेला नंबर, दुकानाच्या पाटीवरचा पत्ता, काहीही चालेल. आणि शक्य असेल तर एका माणसाला रस्त्यावर येऊन उभं राहू दे, रात्री मोबाईलची टॉर्च लावून.

५. ॲक्सिडेंट झाला तर १०८ का ११२?

नुसतं मेडिकल असेल, म्हणजे छातीत दुखतंय, बाळंतपण, साप चावला, तर सरळ १०८. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली आणि तिचं स्वतःचं वेगळं कंट्रोल सेंटर आहे. पोलिसांचीही गरज असेल, म्हणजे अपघात, मारामारी, आग, तर ११२, तिथून पुढे कळवलं जातं. घाबरलेल्या अवस्थेत काहीच आठवत नसेल तर ११२ एवढं एकच पाठ करा. पैसे ऑनलाईन गेले असतील तर तो १९३०, त्याचा या गाड्यांशी संबंध नाही.

६. खिशात चुकून पॅनिक बटण दाबलं गेलं. केस होईल का?

नाही. फक्त कट करू नका. कट केला की समोरच्याला तुम्ही अडचणीत आहात असंच वाटणार आणि तो परत फोन करणार, न उचलल्यास गाडी पण येऊ शकते. "चुकून लागला, मी ठीक आहे" म्हणा, विषय संपला. मुद्दाम खोटी माहिती देणं मात्र गुन्हा आहे, तो भाग वेगळा.

७. सगळं "शेअर" होतं म्हणजे ॲम्ब्युलन्सला सांगितलेला आजार पोलिसांना दिसतो आणि माझी पोलिस केस फायरवाल्यांना?

नीट बांधलेल्या सिस्टिममध्ये नाही. घटना शेअर होते, फाईल नाही. म्हणजे कुठे, काय प्रकार, कोण निघालंय, कोण पोचलंय, रस्ता कुठून मोकळा आहे, धोका काय आहे (गॅस, विजेची तार, हातात कोयता असलेला माणूस) एवढं सगळ्यांना दिसतं. पेशंटचा इतिहास मेडिकलकडे राहतो, गुन्ह्याचं रेकॉर्ड पोलिसांकडे.

पण मधली जागा फसवी आहे. समजा एका घरात आधी पोलिसांवर हल्ला झालाय आणि आज तिथे ॲम्ब्युलन्स चाललीये. त्या डॉक्टरला ते कळायला पाहिजे का? माझ्या मते पाहिजे, पण "धोका आहे, पोलिस येईपर्यंत थांबा" एवढंच, नाव आणि कलमं नकोत. हा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये टाकायला एक दुपार पुरते, पण कुठल्या पत्त्याला ती खूण लावायची, ती किती दिवसांनी काढायची, नवीन भाडेकरू आला तर काय, हे ठरवायला बैठकांवर बैठका होतात. अशी खूण काढायची तारीख आधीच ठरवली नाही तर ती कायमची राहते आणि मग बिचाऱ्या नव्या भाडेकरूच्या आजीला ॲम्ब्युलन्स उशिरा मिळते.

८. आमच्या तालुक्यात सगळे साहेब व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात, काम भागतं. एवढा खर्च कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणारे बहुतेक वेळा आतलेच असतात. खरं सांगायचं तर व्हॉट्सॲपने पुरात, दरडीत, यात्रेत भरपूर कामं झालेली आहेत, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. प्रॉब्लेम तीन. पहिला, बदली झालेला अधिकारी ग्रुपमध्ये तसाच राहतो आणि नवीन आलेल्याला ॲड करायचं कोणी लक्षात ठेवत नाही, त्यामुळे ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही आणि ज्याला नको त्याला कळतं. दुसरा, मेसेज वाचला म्हणजे जबाबदारी घेतली असं होत नाही. चाळीस जणांनी अंगठा दाखवला आणि गाडी एकही निघाली नाही, असं होऊ शकतं. एमडीटीवर इव्हेंट एका ठराविक गाडीच्या नावावर असतो. तिसरा, अपघातातले फोटो. ग्रुपमधून बाहेर गेले की अर्ध्या तासात घरच्यांच्या मोबाईलवर पोचतात, आणि बातमी तशी कळणं याहून वाईट काही नाही.

आणि गर्दीत नेट स्लो झालं की व्हॉट्सॲपही तुमच्या-आमच्यासारखंच रांगेत उभं राहतं, त्याबद्दल प्रश्न १०.

९. ही कल्पना आली कुठून?

एका ठिकाणाहून नाही आली, पण वॉशिंग्टन डीसीचं उदाहरण बघण्यासारखं आहे कारण तिथे मेरीलँड, व्हर्जिनिया आणि राजधानी असे तीन कारभार एका नदीभोवती चिकटलेले आहेत. १३ जानेवारी १९८२ ला बर्फात एअर फ्लोरिडाचं विमान चौदाव्या रस्त्याच्या पुलावर आदळून पोटोमॅक नदीत पडलं आणि साधारण अर्ध्या तासात तिथल्याच मेट्रोचाही अपघात झाला. विमानाच्या दुर्घटनेत ७८ माणसं गेली. मदतीला धावलेल्या वेगवेगळ्या यंत्रणांना एकमेकांशी रेडिओवर बोलता येत नव्हतं. मग नोव्हेंबर १९९८ मध्ये वुड्रो विल्सन पुलावर एक माणूस उडी मारायला उभा राहिला, पूल काही तास बंद, आख्ख्या परिसराचा ट्रॅफिक जाम, आणि पुन्हा तीच बोंब, कोण काय करतंय कोणालाच माहीत नाही. त्यातून कॅपविन नावाचा प्रकल्प निघाला. वेगवेगळ्या राज्यांतले पोलिस, फायर आणि ट्रॅफिकवाले आपापल्या गाडीतून एकमेकांना मेसेज करू शकतील आणि एकच घटना बघू शकतील असा. मेरीलँड विद्यापीठाचा त्यात मोठा हात होता.

न्यूयॉर्कची गोष्ट तर त्याहून भयानक. ११ सप्टेंबर २००१ ला वर्ल्ड ट्रेड सेंटरचा दक्षिण टॉवर सकाळी ९:५९ ला कोसळला. त्यानंतर पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तर टॉवरची अवस्था दिसत होती आणि तो टिकणार नाही असा इशारा पोलिसांच्या चॅनलवर गेला. फायर ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांपर्यंत तो पोचायला सरळ रस्ताच नव्हता. १०:२८ ला तोही पडला. त्या दिवशी ३४३ फायरमन गेले. बिल्डिंग सोडा हा आदेश फायरच्या रेडिओवर आधीच दिला गेला होता पण वरच्या मजल्यांवर तो सगळ्यांना ऐकूच गेला नाही, त्यामुळे सगळा दोष शेअरिंगवर टाकता येत नाही, पण वरून दिसणारी माहिती खालच्यांना नव्हती हे खरंच.

१०. प्रत्येक गाडीत जिओ किंवा एअरटेलचं सिम टाकलं की झालं, वेगळं नेटवर्क कशाला?

रोजच्या दिवशी चालतं, आणि बऱ्याच ठिकाणी तेच चाललंय. पण पोलिस-फायरचा दिवस रोजचा नसतो. २६ जुलै २००५ आठवा, सांताक्रूझला चोवीस तासात ९४४ मिलिमीटर पाऊस आणि मोबाईल लागेना. नेमकं ज्या वेळी गरज त्याच वेळी सगळं शहर फोन लावत असतं.

दुसरं उदाहरण पाण्याचं नाही, बिलाचं आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेंडोसिनोच्या वणव्यावर सांता क्लारा काउंटीच्या फायरवाल्यांची एक कम्युनिकेशनची गाडी गेली होती, सगळी साधनं कुठे आहेत ते सांभाळणारी. तिच्यात व्हेरायझन या मोबाईल कंपनीचा "अनलिमिटेड" प्लॅन. डेटाची मर्यादा ओलांडल्यावर स्पीड इतका कापला गेला की आधीच्या दोनशेवा हिस्सा राहिला. माणसं स्वतःचे फोन वापरून काम भागवत होती. कंपनीला सांगितलं तर उत्तर आलं, महागडा प्लॅन घ्या. नंतर कंपनीने हे आमच्या कस्टमर सपोर्टचं चुकलं म्हणून मान्य केलं. म्हणून मी सांगतो, टेंडरमध्ये टॅबच्या रॅमवर चार पानं लिहिण्यापेक्षा "डेटा संपल्यावर काय होईल" ही एक ओळ आधी लिहा.

आता प्रायॉरिटी आणि प्रीएम्प्शन यात लोक गोंधळ करतात. एसटीत तुम्हाला रांगेत पुढे घेतलं ती प्रायॉरिटी, पण गाडी आधीच भरलेली असेल तर उपयोग शून्य. बसलेल्याला उठवून जागा दिली ते प्रीएम्प्शन. साध्या कॉर्पोरेट सिममध्ये दोन्ही नसतं. करारात कुठला शब्द आहे ते बघून घ्या, विकणारे दोन्हीला एकच म्हणतात.

११. फर्स्टनेट फर्स्टनेट म्हणतात ते सरकारचं आहे का एटी अँड टीचं?

दोघांचं. फर्स्टनेट म्हणजे अमेरिकेतलं पोलिस-फायरसाठीचं मोबाईल नेटवर्क, आणि एटी अँड टी ही तिथली मोबाईल कंपनी. फेब्रुवारी २०१२ मध्ये कायदा करून फर्स्टनेट ऑथॉरिटी नावाची सरकारी संस्था काढली, तिला बँड १४ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातलं २० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम आणि ७ अब्ज डॉलर दिले. मार्च २०१७ मध्ये २५ वर्षांचं कंत्राट एटी अँड टीला. नेटवर्क ती बांधते आणि चालवते, त्या बदल्यात पोलिस-फायर वापरत नसतील तेव्हा तेच स्पेक्ट्रम ती आपल्या साध्या ग्राहकांना विकू शकते, आणि गरज पडली की त्यांना बाजूला सारलं जातं. सगळ्या ५० राज्यांनी होकार दिला, पण तिथल्या एखाद्या पोलिस खात्याने ते घेतलंच पाहिजे असं नाही, बरेच जण अजून दुसऱ्या कंपन्यांचं वापरतात. म्हणजे "पूर्ण देशात एकच नेटवर्क" हे ब्रोशरमधलं वाक्य झालं.

मला ही रचना हुशार वाटते, कारण रिकामं पडणारं नेटवर्क कोणीच वर्षानुवर्षं पोसत नाही. पण त्याची किंमत प्रश्न १४ मध्ये आहे.

१२. ब्रिटनमध्ये यावर इतके पैसे बुडाले म्हणतात ते खरं का?

बुडाले म्हणण्यापेक्षा अडकलेत. त्यांच्याकडे एअरवेव्ह नावाचं टेट्रा (एक डिजिटल वॉकी-टॉकीचा प्रकार) रेडिओ नेटवर्क आहे, आवाजासाठी दणकट पण डेटा अगदी किरकोळ. २०१५ मध्ये ठरलं की हे बंद करून सगळं ईई या मोबाईल कंपनीच्या ४जी वर न्यायचं, २०१९ अखेर जुनं बंद. आज जुनंच चालू आहे. २०२३ पर्यंत नव्यावर साधारण २ अब्ज पौंड खर्च झाले होते. मधे गंमत अशी झाली की नव्याच्या कंत्राटात असलेल्या मोटोरोलाने जुनं एअरवेव्हच विकत घेतलं, म्हणजे नवीन जितकं लांबेल तितकी जुन्यातून कमाई. मग मोटोरोला नव्यातून बाहेर पडली, तिथल्या स्पर्धा आयोगाने जुन्याच्या दरांवर मर्यादा घातली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मोटोरोलाचं नव्यातलं काम आयबीएमकडे गेलं.

उलट दक्षिण कोरियाने एप्रिल २०१४ च्या सेवोल बोट दुर्घटनेनंतर मनावर घेतलं आणि २०२१ पर्यंत देशभर पोलिस-फायरचं वेगळं एलटीई (म्हणजे ४जी) नेटवर्क उभं केलं.

१३. आपल्याकडे असं वेगळं नेटवर्क आहे का?

डेटासाठी देशभर एकच, वेगळं, फक्त यांच्यासाठी असं नाही. आवाजासाठी पोलिसांचं बिनतारी जाळं जुनं आहे, पोलिस ठाणी जोडायला २००९ पासूनचं सीसीटीएनएस आहे, आणि ११२ च्या गाड्या मोबाईल कंपन्यांच्या नेटवर्कवर चालतात. ट्राय या टेलिकॉम नियामकाने जून २०१८ मध्ये सरकारला शिफारस केली होती की ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १० अधिक १० मेगाहर्ट्झ यासाठी राखून ठेवा. शिफारस चांगली होती. पुढचं तुम्ही समजून घ्या.

१४. टॉवरच पडला किंवा कंपनीचंच नेटवर्क बसलं तर?

तर डेटा जातो. याला गोड उत्तर नाही. २५ डिसेंबर २०२० ला नॅशव्हिलमध्ये एटी अँड टीच्या बिल्डिंगबाहेर एका गाडीत स्फोट झाला. वीज गेली, बॅकअप पण गेलं, आणि टेनेसीसोबत आजूबाजूच्या राज्यांतही फोन, ९११ (तिथला इमर्जन्सी नंबर) आणि फर्स्टनेटला फटका बसला. २२ फेब्रुवारी २०२४ ला तर स्फोट वगैरे काही नाही, कॉन्फिगरेशनची एक चूक आणि बारा तास देशभर बोंबाबोंब. ९ कोटी २० लाखांहून जास्त कॉल अडले, त्यात ९११ चे २५ हजारांच्या वर. फर्स्टनेट सगळ्यात आधी परत आणलं हे खरं, पण गेलं होतंच.

यावर उपाय म्हणजे गाडीतला राउटर दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमचा घ्या, आणि दोन्ही सिम खरंच वेगळ्या टॉवरवर आहेत का ते तपासा, कारण बऱ्याचदा दोन्ही कंपन्यांची उपकरणं एकाच मनोऱ्यावर एकाच जनरेटरवर असतात. टॅबवरचा नकाशा आधीच डाऊनलोड केलेला पाहिजे, कारण गडचिरोलीत किंवा ताम्हिणी घाटात रेंज गेली की ऑनलाईन नकाशा म्हणजे राखाडी चौकोन. भरलेली माहिती रेंज आल्यावर आपोआप वर गेली पाहिजे, नाहीतर माणूस एटीआर तीनदा भरतो आणि चौथ्यांदा भरणं सोडतो.

आणि वायरलेस सेट ठेवा. कुठेही जाऊ देऊ नका.

१५. पण आता मोबाईलवरच वॉकी-टॉकी येतं म्हणे, मग सेट ठेवायचे कशाला?

येतं. एमसीपीटीटी म्हणतात, मिशन क्रिटिकल पुश-टू-टॉक, २०१६ मध्ये मोबाईलच्या जागतिक स्टँडर्डमध्ये आलं, नंतर व्हिडिओ आणि डेटाही जोडला गेला. चांगलं चालतं. पण जुन्या सेटचा एक गुण त्यात अजून नीट उतरलेला नाही: टॉवर नसताना दोन सेट एकमेकांशी थेट बोलू शकतात. तळघरात उतरलेल्या दोन फायरमनना नेमकं तेच लागतं. फोनचा थेट पल्ला त्यामानाने फारच कमी. ब्रिटनच्या उशिराला (प्रश्न १२) जी कारणं आहेत त्यात हेही एक दुखणं आहे.

१६. स्क्रीनवर "चोरीची गाडी" असं आलं की पोलिस लगेच आत टाकू शकतात का?

टाकू नये. स्क्रीनवरचं उत्तर म्हणजे कोणीतरी कधीतरी केलेली नोंद. गाडी सापडून मालकाला परत मिळालेली असते आणि नोंद काढायचं राहून गेलेलं असतं, किंवा नंबर टाईप करताना शून्याचा ओ झालेला असतो. अमेरिकेत १९६७ पासून एनसीआयसी नावाचा गुन्ह्यांच्या नोंदींचा राष्ट्रीय डेटाबेस आहे आणि त्यांचा नियम मला फार आवडतो: हिट मिळाली (नोंद जुळली) की ज्या खात्याने नोंद केली त्याला विचारून खात्री करायची, आणि त्या खात्याने तातडीचं असेल तर १० मिनिटांत, नसेल तर तासाभरात उत्तर द्यायचं. म्हणजे नोंद करणाऱ्याला चोवीस तास कोणीतरी उत्तर द्यायला ठेवावंच लागतं. नुसता डेटा ढकलला आणि झोपला असं चालत नाही. आपल्याकडे हे करायला नवीन टॅब लागत नाही, एक जीआर आणि एक रात्रपाळीचा माणूस लागतो.

तुमच्याच जुन्या विकलेल्या गाडीच्या बाबतीत असं झालं तर शांतपणे आरसी आणि विक्रीचे कागद दाखवा, आणि पोलिस ठाण्याला फोन करून खात्री करून घ्या असं सांगा. वाद घालू नका.

१७. मग कुठलाही हवालदार शेजारणीच्या गाडीचा नंबर टाकून तिचा पत्ता काढू शकतो?

काढू शकतो, प्रश्न पकडला जाईल का हा आहे. प्रत्येक शोध कोणाच्या लॉगिनने, कुठून, कधी झाला याची नोंद राहते. पण आख्ख्या शिफ्टचं एकच लॉगिन आणि पासवर्ड टॅबच्या मागे चिकटपट्टीवर लिहिलेला असेल तर त्या नोंदीला शून्य अर्थ. अमेरिकेत एफबीआयच्या नियमांनी दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं केलंय. माझ्या मते त्याहून उपयोगी म्हणजे महिन्यातून एकदा कोणतेही वीस शोध काढून "हा का केला होता?" विचारणं. हे एकदा व्हायला लागलं की हौशी शोध आपोआप कमी होतात.

१८. आम्ही कागलला राहतो, ११२ लावला तर कधीकधी समोरचा कन्नड बोलतो. असं का?

तुमच्या फोनने पलीकडचा, निपाणी बाजूचा टॉवर पकडलेला असणार. फोन सिम कुठल्या राज्याचं ते बघत नाही, सिग्नल कुठला जोरात ते बघतो, आणि कॉल त्या टॉवरच्या राज्याकडे जाऊ शकतो. आधी "महाराष्ट्र, कोल्हापूर जिल्हा, कागल" एवढं स्पष्ट सांगा. सोबत स्थानिक पोलिस ठाण्याचा लँडलाईन नंबर सेव्ह करून ठेवा. सीमेवर दोन्हीकडच्या कंट्रोलना एकमेकांचा इव्हेंट एका बटणाने सरकवता आला पाहिजे, आणि वॉशिंग्टनवाल्यांनी (प्रश्न ९) जे सोडवलं ते नेमकं हेच होतं.

१९. मी न्यू जर्सीत असतो, आई पुण्यात एकटी असते. तिला काही झालं तर इथून ११२ लावता येईल का?

नाही. तिथल्या मोबाईलवरून ११२ लावलं तर बहुतेक वेळा कॉल तिथल्या ९११ ला जातो, आणि ते लोक पुण्यात गाडी पाठवू शकत नाहीत. असले छोटे नंबर देशाच्या आतच चालतात, पुढे +९१ लावून उपयोग नाही. त्यामुळे आईच्या भागातल्या पोलिस ठाण्याचा आणि जवळच्या हॉस्पिटलचा पूर्ण लँडलाईन नंबर, एसटीडी कोडसकट, आत्ताच सेव्ह करा आणि एकदा दिवसा फोन करून लागतो का बघा, वेबसाईटवरचे बरेच नंबर बंद पडलेले असतात. शेजारच्या काकूंचा नंबर या दोन्हीच्या वर ठेवा, त्या तिथून ११२ लावू शकतात आणि दार पण उघडू शकतात. आईच्या फोनमध्ये ११२ चं ॲप टाकून त्यात तुमचा आणि काकूंचा असे दोन्ही नंबर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून भरा. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा सोसायटीच्या गेटवर, वॉचमनला दिसेल असा, विंग आणि फ्लॅट नंबर लावून ठेवा आणि तिथून फ्लॅट कुठून जवळ पडतो ते पण सांगून या, गाडी गेटपर्यंत येते आणि तिथून पुढेच चुकते.